घ्यायचं कायद्यानं, द्यायचं जीआरनं

घरी आलेलं विजेचं बिल एकदा नीट वाचून काढा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळींच्या रांगेत 'वीज शुल्क १६%' अशी एक ओळ सापडेल. हा पैसा वीज कंपनीचा नसतो, राज्य सरकारचा असतो, आणि त्यामागे विधिमंडळानं संमत केलेला महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियम, २०१६ उभा असतो. कारखान्यांकडून वीज विक्रीवर वेगळा कर घेतला जातो, त्यालाही १९६३ सालचा कायदा आहे. असायलाच हवा. राज्यघटनेच्या कलम २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कर म्हणून कुणाकडून एक पैसाही घेता येत नाही.

आता याच विजेच्या बाबतीत सरकार जे द्यायचं म्हणतं ते पाहू. अपारंपरिक, म्हणजे अक्षय ऊर्जा धोरण, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, मागेल त्याला सौर कृषी पंप, ग्रामपंचायतीला मिळणारं अनुदान, शेतकऱ्याच्या जमिनीचं भाडं. हे सगळं शासन निर्णयावर, म्हणजे जीआरवर चाललेलं आहे. जीआर मंत्रालयातल्या एका सहीनं निघतो आणि दुसऱ्या सहीनं बदलतो. 'यापूर्वीचा शासन निर्णय अधिक्रमित करण्यात येत आहे' एवढं एक वाक्य लिहिलं की काम झालं. सभागृहात चर्चा नाही, मतदान नाही, हरकती-सूचना नाहीत. घेताना कायदा आणि देताना जीआर, हा व्यवहार आपण इतका अंगवळणी पाडून घेतलाय की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही.

माझं म्हणणं असं की महाराष्ट्राला आता आणखी एक अक्षय ऊर्जा धोरण नको. कायदा हवा.

धोरणाचं काय होतं ते आपण दोनदा पाहिलंय. जुलै २०१५ मध्ये राज्यानं पाच वर्षांचं धोरण आणलं. उद्दिष्ट १४,४०० मेगावॅट, त्यातले ७,५०० सौर आणि ५,००० पवन. पाच वर्षं सरली तेव्हा राज्यातली सौर क्षमता २,००० मेगावॅटच्या आसपास घुटमळत होती. मग ३१ डिसेंबर २०२० रोजी नवं धोरण निघालं. उद्दिष्ट वाढून १७,३६० मेगावॅट झालं, त्यातले १२,९३० सौर. पहिला आकडा का हुकला याचं उत्तर द्यायला कुणी बांधील नव्हतं, कारण धोरणातलं उद्दिष्ट म्हणजे वर्गाच्या फळ्यावर लिहिलेला सुविचार. दुसऱ्या दिवशी पुसून नवा लिहितात.

यावर कुणी म्हणेल की गेल्या दोन-तीन वर्षांत काम झपाट्यानं झालंय आणि तेही जीआरवरच. हे खरं आहे आणि ते मान्य करूनच पुढं जायला हवं. सौर कृषी वाहिनीची कल्पना चांगलीच आहे. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी दोन-चार मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि ती वीज शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला, थेट दिवसा द्यायची. ज्यानं कधी रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात, साप-बिबट्याच्या भीतीनं पाण्याचं बारं धरलं असेल त्याला दिवसा मिळणाऱ्या विजेची किंमत सांगायला नको. शेतीला थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशा पाळ्यांनी वर्षानुवर्षं मिळत आली. २०१७ साली योजना सुरू झाली, राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधलं कोळंबी ही सुरुवातीची गावं. पहिली काही वर्षं ती रखडत चालली. २०२३ मध्ये '२.०' आली, निविदांमधले दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास आले, आणि २०२४ च्या सप्टेंबरात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावात त्यातला पहिला प्रकल्प सुरू झाला. उद्दिष्ट आधी ७,००० मेगावॅट होतं, ते पुढं १६,००० वर गेलं. वेग आहे, नाकारत नाही.

पण हे प्रकल्प पंचवीस वर्षांचे आहेत. पाच वर्षांचं सरकार आपल्या पाच वर्षांच्या धोरणाच्या जोरावर पंचवीस वर्षांचा शब्द देतंय. वीज खरेदीचा करार कंपनीकडे असतो, तिचे वकील असतात, ती वीज नियामक आयोगाकडे जाते, न्यायालयात जाते. आंध्र प्रदेशात तेच झालं. २०१९ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारनं जुलै महिन्यातच पवन आणि सौर ऊर्जेचे आधीचे करार महाग म्हणून फेरवाटाघाटीसाठी समिती नेमली, तीही एका सरकारी आदेशानं. कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२२ च्या मार्चमध्ये जिंकल्या. मधली पावणेतीन वर्षं गेली ती गेलीच, पण करार हातात असल्यानं त्यांना उभं राहायला जागा तरी होती. ग्रामपंचायतीकडे काय आहे? जीआरची झेरॉक्स.

ग्रामपंचायतीचं गणित तर मांडून पाहण्यासारखं आहे. योजनेत प्रकल्पाच्या गावाला वर्षाला ५ लाख रुपये मिळतात, तीन वर्षं. एकूण १५ लाख. तीन मेगावॅटचा प्रकल्प आपल्याकडच्या उन्हात वर्षाला साधारण ४८ लाख युनिट वीज देतो. तीन रुपयांनी वर्षाचे झाले एक कोटी ४४ लाख, पंचवीस वर्षांचे ३६ कोटी. त्यातले १५ लाख म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही, आणि चौथ्या वर्षापासून शून्य. त्याच्या शेजारी कोळसा ठेवून बघू. कोळशाच्या किमतीवर १४ टक्के स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी असते. २०१५ साली केंद्रानं खाण कायद्यात दुरुस्ती करून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आणलं. त्यानुसार जुन्या खाणींनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि नव्या खाणींनी १० टक्के रक्कम खाणबाधित भागासाठी द्यायची असते. म्हणजे चंद्रपुरातल्या जुन्या खाणीतून निघणाऱ्या शंभर रुपयांच्या कोळशामागे सव्वाचार रुपयांच्या आसपास वाटा स्थानिकांच्या नावानं कायद्यानं बाजूला पडतो, आणि खाण चालू असेपर्यंत पडतो. तो पैसा नीट खर्च होतो का, हा भांडणाचा वेगळा विषय. पण भांडायला कायदा आहे. ज्या ऊर्जेला आपण 'स्वच्छ' म्हणतो तिच्या बाबतीत मात्र गावाचा वाटा जीआर ठरवतो आणि तोही तीन वर्षांत संपतो. घाणेरडी म्हणून हिणवलेली खाण गावाला कायद्यानं जास्त देते, ही गोष्ट मला तरी गिळता येत नाही.

यात पाटण तालुक्याची आठवण होणं अपरिहार्य आहे. साताऱ्याच्या या एका तालुक्यात महाराष्ट्राच्या अक्षय ऊर्जेची सगळी गोष्ट सामावलेली आहे. कोयनेचं धरण इथंच. १९६२ पासून कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होतेय, आज क्षमता १,९६० मेगावॅट आहे. राज्याच्या कारखानदारीचा पाया ज्या विजेवर उभा राहिला ती या खोऱ्यातली, आणि ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांच्यातल्या कित्येकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न त्यांच्या नातवंडांपर्यंत आले. कारण क्रम उलटा झाला. वीज आधी आली आणि प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली, म्हणजे धरण भरून पाणी शिळं झाल्यावर आला. देशात असा कायदा करणाऱ्यांत आपण पहिले, असं आपण अभिमानानं सांगतो. कोयनेच्या माणसाला त्या पहिलेपणाचा काय उपयोग झाला?

त्यानंतर त्याच तालुक्यात, वनकुसवड्याच्या पठारावर, पवनचक्क्या आल्या. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस तिथं वाऱ्यापेक्षा करसवलतीचा जोर जास्त होता. प्राप्तिकरात घसाऱ्याची घसघशीत सवलत मिळायची, म्हणून ज्यांचा विजेशी काडीचा संबंध नव्हता असे लोकही पवनचक्कीचे मालक झाले. चक्की किती फिरते यापेक्षा ती मार्चच्या आत उभी राहते का, याला महत्त्व होतं. पठारावरच्या जमिनी कवडीमोलानं गेल्याच्या तक्रारी तेव्हापासून आहेत. आता त्या चक्क्या म्हाताऱ्या झाल्या. त्या काढून नव्या, जास्त ताकदीच्या बसवायच्या याला 'रिपॉवरिंग' म्हणतात आणि २०२० च्या धोरणात पवन ऊर्जेच्या २,५०० मेगावॅटमध्ये तेही धरलेलं आहे. पण म्हातारी चक्की उतरवायची कुणी, सिमेंटचा पाया उकरायचा कुणी, आणि मालक कंपनीच गुंडाळली गेली असेल तर त्या पठारावरच्या जमिनीचं काय, हे कायद्यानं बांधलेलं नाही. सौर पॅनेलचं पंचवीस वर्षांनी तेच होणार आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत पॅनेल आले, पण ते नियम उत्पादकाला बांधतात. ज्याच्या शेतात पॅनेल रोवले त्याच्या हातात त्यातून काही येत नाही.

शेतकऱ्याच्या भाड्याची गोष्टही तशीच. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहू, मुरमाड जमिनीला हे भाडं वाईट नाही, उलट चांगलं आहे. पण तीन टक्क्यांनी भाडं दुप्पट व्हायला चोवीस वर्षं लागतात. त्या काळात महागाई किती वाढेल ते सांगायला ज्योतिषी नको. आणि प्रकल्प बंद पडला, विकला गेला, कंपनी बदलली तर भाड्याची हमी कुणाची, हे त्या-त्या करारातल्या बारीक अक्षरांवर सोडलेलं आहे.

मग गायरानं. खासगी जमीन मिळवणं कटकटीचं, म्हणून नजर सरकारी जमिनीवर जाते आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे बहुतेकदा गायरान. १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयानं गायरान दुसऱ्या कामाला द्यायला मोठे निर्बंध घातले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं होतं, त्यातून तो निघाला. म्हणजे गंमत पाहा, एका जीआरनं गायरान राखायचं आणि दुसऱ्या जीआरनं ते सौर प्रकल्पाला द्यायचं. मधल्या मध्ये ज्याची शेळ्या-मेंढ्या चारायची जागा गेली तो धनगर आणि पिढ्यान्पिढ्या गायरान कसणारा भूमिहीन दलित, आदिवासी शेतकरी यांचं ऐकायचं कुणी? सौर प्रकल्पाच्या विरोधात गावं उभी राहिली की 'विकासविरोधी' म्हणून त्यांची संभावना होते. त्यांचा विरोध बहुतेकदा सूर्याला नसतो, तलाठ्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव नसण्याला असतो.

'मागेल त्याला' हे शब्द महाराष्ट्रात नवे नाहीत, आणि माझा सगळा मुद्दा या दोन शब्दांत आहे. 'मागेल त्याला काम' ही रोजगार हमीची घोषणा. १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात केलेल्या प्रयोगातून ती कल्पना वाढली. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली. तिथंच थांबली असती तर दुष्काळ ओसरल्यावर तीही ओसरली असती. पण १९७७ साली विधिमंडळानं तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पंधरा दिवसांत काम द्या, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्या. भत्ता रोजचा एक रुपया होता, त्या काळातही तो फारसा नव्हता. पण तो एक रुपया सरकारनं स्वतःच्या मानेवर ठेवून घेतलेला होता, म्हणून मजुराला तहसील कचेरीसमोर बसून हक्कानं बोलता येत होतं. आणि पैसा? तो आणायला सरकारनं नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला, त्याचाही कायदा १९७५ चा. म्हणजे घेणंही कायद्यानं आणि देणंही कायद्यानं. पुढं केंद्राची रोजगार हमी याच वाटेनं आली.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेनं घोषणा तीच घेतली आणि कायदा मागं सोडला. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. योजना शेतकऱ्याच्या हिताचीच आहे. पण पैसे भरून वाट पाहणाऱ्याला कायद्यानं बांधलेली मुदत नाही आणि उशीर झाला तर भरपाईचा हक्क नाही. २००३ च्या केंद्रीय वीज कायद्याच्या कलम ४३ मध्ये साध्या वीजजोडणीला महिन्याची मुदत आहे आणि चुकल्यास दिवसाला हजार रुपयांपर्यंत दंड आहे. डांबावरची वीज मागणाऱ्याला जो हक्क आहे तो सूर्याची वीज मागणाऱ्याला नाही.

छतावरच्या पॅनेलवाल्यांची स्थिती बरी आहे, कारण केंद्रानं ग्राहक हक्कांचे नियम २०२० साली वीज कायद्याखाली केले आणि २०२४ मध्ये दहा किलोवॅटपर्यंतच्या छतांना तांत्रिक तपासणीतून मोकळं केलं. पण वीजदर आणि नेट मीटरिंग, म्हणजे छतावर तयार केलेली युनिटं आपल्या वापरातून वजा करून घेणं, हे राज्य वीज नियामक आयोगाच्या हातात, आणि तिथली धरसोड २०२५ मध्ये सगळ्यांनी अनुभवली. २८ मार्चला दरांचा आदेश आला, पाच दिवसांत २ एप्रिलला त्याला स्थगिती, २५ जूनला नवा आदेश. त्याआधी महावितरणच्या प्रस्तावातून ग्राहक संघटनांना भीती वाटत होती की दिवसा नऊ ते पाच तयार केलेलं युनिट फक्त त्याच वेळातल्या वापरातून वजा होईल, संध्याकाळच्या वापरातून नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत पॅनेलचा विषय याच काळात आला आणि 'थांबा, काय ठरतंय बघू' यावर संपला. अजून थांबलोच आहोत.

इथं मला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण छतवाल्यांच्या वतीनं रडणं सोपं असतं. दुपारी वीज स्वस्त आहे, संध्याकाळी महाग आहे. दुपारचं युनिट देऊन संध्याकाळचं युनिट फुकट घेणारा ग्राहक बहुधा स्वतःचं छत असलेला, खिशात दोन-तीन लाख असलेला माणूस असतो, आणि त्याचा भार पत्र्याच्या खोलीतल्या भाडेकरूवर पडतो. म्हणून नियम कधीच बदलू नयेत असं मी म्हणत नाही. नव्यानं येणाऱ्याला नवे नियम लावा. पण ज्यानं आजच्या नियमावर कर्ज काढून पॅनेल बसवले त्याला ठरावीक वर्षं जुनेच नियम राहतील, एवढी हमी कायद्यात असावी. आयोगानं २०१९ च्या विनियमांत राज्यातली छतावरची क्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत ग्रिड सहाय्य शुल्क, म्हणजे वीजजाळं वापरण्याबद्दल छतवाल्यांनी द्यायचं शुल्क, लावणार नाही असं लिहिलं होतं. तशी आधी सांगून ठेवलेली रेषा कुणालाही समजते आणि पटतेही.

कायदा ताठर होईल, तंत्रज्ञान तर रोज बदलतंय, हा सगळ्यात जोरदार आक्षेप आहे. गुजरातचं उदाहरण देतात. २००९ च्या सौर धोरणाखाली पहिल्या बारा वर्षांसाठी युनिटला १५ रुपये दर ठरला आणि काही वर्षांतच बाजारातला दर इतका घसरला की ते करार गळ्यात अडकले. आक्षेप खरा आहे, पण तो दर कायद्यात लिहिण्याविरुद्ध आहे. दर, मेगावॅट, तंत्रज्ञान हे कायद्यात नकोच, त्यासाठी धोरण आणि आयोग आहेत. कायद्यात माणसांचे हक्क हवेत आणि सरकारची उत्तरदायित्वाची तारीख हवी. अमेरिकेत आयोवानं १९८३ साली वीज कंपन्यांना पवन आणि तत्सम वीज घ्यायला कायद्यानं भाग पाडलं. १९९९ मध्ये तेलाच्या टेक्सासनं, जॉर्ज बुश गव्हर्नर असताना, तसाच कायदा केला. त्यानंतर टेक्सासचे आकडे त्या कायद्यातल्या २,००० मेगावॅटच्या कितीतरी पुढं निघून गेले. कायद्यामुळं कुणाचे पाय बांधले गेले नाहीत.

दुसरा आक्षेप अधिकाराचा. वीज समवर्ती सूचीत आहे, केंद्राचा कायदा असताना राज्यानं कसला कायदा करायचा? खुद्द केंद्राचा २०१५ मधला अक्षय ऊर्जा कायद्याचा मसुदा मसुदाच राहिला. पण जमीन आणि पंचायत राज्य सूचीत आहेत, आणि वर ज्या तक्रारी सांगितल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त जमीन आणि पंचायतीच्याच आहेत. गावाचा वाटा, भाड्याची हमी, गायरानाआधी ग्रामसभेची खरी संमती, प्रकल्प संपल्यावर जमीन मोकळी करून देण्यासाठी कंपनीकडून आधीच घेतलेली ठेव, पंपाची मुदत. यातल्या एकाही गोष्टीसाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. सेवेच्या मुदतीचं तर यंत्रही तयार आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहेच.

अडचण कुठं येईल ते मला ठाऊक आहे. वित्त विभागाची फाईल वर जाईल आणि 'कायमस्वरूपी आर्थिक दायित्व' असा शेरा मारून खाली येईल. तोच शेरा १९७७ मध्येही मारता आला असता. शिवाय जीआरचं एक सुख आहे, त्याचं श्रेय फ्लेक्सवर घेता येतं आणि बदलल्यावर कुणी जाब विचारत नाही. सत्तेतल्या कुणालाही ते सुख सोडवत नाही, मग पक्ष कोणताही असो.

म्हणून सरकारनं विधेयक आणावं याची वाट पाहण्यापेक्षा एखाद्या आमदारानं अशासकीय विधेयक मांडावं. अशी विधेयकं सहसा संमत होत नाहीत हे माहीत आहे. पण सभागृहाच्या पटलावर ते आलं की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर कामकाजाच्या वृत्तांतात छापलं जातं. पाटण, साक्री, वैजापूर, चंद्रपूर, कुठल्याही मतदारसंघाच्या आमदाराला हे करता येईल. सुरुवातीला सगळा कायदा लिहायचीही गरज नाही. एक कलम पुरे: प्रकल्प जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं त्याच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा ग्रामपंचायतीला मिळेल, आणि तो शासन निर्णयानं कमी करता येणार नाही.